पाय माझे, कबुली संपतआबांची

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधल्या ओल्या काँक्रीटवरून मी चालत गेलो. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पुढे मी ते बऱ्याच जणांना सांगायचा प्रयत्न केला आणि नको तेव्हा एकाला पटलं.

यात माझ्यापेक्षा आईचा हात जास्त. नवरात्रात नऊ दिवस अनवाणी राहिलो की देवी मला अमेरिकेच्या प्रोजेक्टवर पाठवेल, असं तिने मूर्तिजापूरहून फोनवर ठरवून टाकलं होतं. देवीचा आणि आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरचा नेमका काय संबंध, हे विचारायची आमच्या घरात पद्धत नाही. हिंजवडीच्या कंपनीत अनवाणी माणसाला गेटवरचा सिक्युरिटी आत सोडत नाही, म्हणून तडजोड झाली होती : ऑफिसात बूट, बाहेर अनवाणी. कंपनीच्या बसमधून वारज्याला उतरलो की बूट सॅकमध्ये जायचे. त्या संध्याकाळी असाच, बूट पाठीवर घेऊन, "हो, अनवाणीच आहे, पाय पोळून राहिले ना माये" असं आईला सांगत मी बी विंगकडे वळलो. कंत्राटदाराने लाल चिंध्यांची दोरी बांधली होती. ती मला दिसली. शाळेत अडथळ्यांची शर्यत पळायचो त्या सवयीने मी ती ओलांडली आणि पुढच्या क्षणी टाचा थंडगार झाल्या.

शहाणा माणूस मागे फिरला असता. मी नगरपरिषदेच्या शाळेत शिकलो. हाती घेतलेलं काम अर्धवट सोडू नये हे आमच्या तिथल्या भिंतीवरच लिहिलेलं होतं. मी सरळ पुढे चालत पलीकडच्या खांबापाशी बाहेर पडलो, बागेच्या नळावर पाय धुतले आणि लिफ्टने वर गेलो.

"कायचा आवाज आला रे?" आईने विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. या प्रकरणातलं पहिलं खोटं ते. पुढे इतकी झाली की हे आता खऱ्यासारखंच वाटतं.

सकाळी तिथे पाटी होती. सेक्रेटरी रंगनाथ दांडेकर मूळचे सदाशिव पेठेतले. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा जिना सोडून लिफ्टच्या शोधात वारज्याला आले, पण येताना पेठ बरोबर घेऊन आले. पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं : "काल सायंकाळी ओल्या काँक्रीटवरून विहार करणाऱ्या महाभागाने आपले पाय सेक्रेटरींना आणून दाखवावेत. उडत गेल्याचे सांगू नये."

पाटीभोवती गर्दी जमली. पावलं अनवाणी आहेत हे सगळ्यांनी वाकून वाकून पाहिलं, आणि मग एकेक मान हळूहळू गेटकडे वळली. आमच्या सोसायटीत बारा महिने अनवाणी हिंडणारा माणूस एकच. संपतआबा.

आबांची ओळख करून द्यायला हवी, कारण ही गोष्ट त्यांची आहे. मी तिच्यात फक्त पाय घातला. सोसायटी उभी आहे ते रान त्यांचं. बदल्यात बिल्डरने फ्लॅट दिले, त्यातल्या तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये ते मुलगा सर्जेराव आणि सून उत्कर्षा यांच्याबरोबर राहतात. राहतात म्हणजे झोपतात. बाकी वेळ गेटशी लाल प्लॅस्टिकच्या खुर्चीत. डोक्यावर टोपी, बोटात ठसठशीत अंगठी, पाय उघडे. गाडी रिव्हर्स घेताना "येऊ द्या, येऊ द्या, हां, बास!" हा त्यांचा आवाज आला नाही तर लोक ब्रेकवरचा पाय काढत नाहीत. ज्यांच्या गाडीला सेन्सर आहे तेही सेन्सरची पिपाणी ऐकून वर आबांकडे बघतात. "बैल मागं सरत न्हाय, मोटार सरती," आबा म्हणतात, "येवढाच काय तो सुधार."

चप्पल का घालत नाही, असं कुणी विचारलं की ते हसतात. फ्लॅटवाल्यांनी मग आपलंच उत्तर तयार केलं : जमिनीचा माणूस आहे हो, त्याला मातीचा स्पर्श लागतो. पार्किंगमध्ये माती कुठे आहे हे कुणी विचारलं नाही. आबांना शुगर आहे, डॉक्टर ओरडतो, सून ओरडते, पण पाय उघडेच.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे त्यांचा शब्द. वारजे शहरात गेलं तरी गावकी शिल्लक आहे, आणि गावकीत कुंपणाचा, वाटेचा, वाटणीचा वाद निघाला की आबा म्हणतील ते शेवटचं. कारण पूर्वी कधीतरी त्यांनी खंडोबाच्या देवळात भरल्या गावासमोर बेल-भंडारा उचलून शपथ घेतली होती, आणि त्यानंतर त्यांची भरभराटच झाली. शपथ खोटी असती तर खंडोबाने असं वर काढलं असतं का? गाव असं म्हणतं, आणि गावाचं ऐकून फ्लॅटवालेही.

तर माना वळल्या. आबा खुर्चीतून उठले, पावलांपाशी आले, त्यांच्याकडे टक लावून बघत राहिले. रंगनाथराव छत्रीचं टोक नाचवत विचारत होते, "इथून कोण चाललं? मी विचारतो, इथून कोण चाललं?"

"मी," आबा म्हणाले. "माझंच पाय हायती."

"आपले?" रंगनाथरावांची छत्री खाली आली. "अहो, ती दोरी आपणच उभं राहून बांधून घेतलीत ना?"

"व्हय. अन् मीच चाललो. मग?"

मी मागे उभा होतो. त्या सकाळी नियम मोडून घरूनच पायांत बूट, बुटांत सिमेंटने सोलवटलेल्या टाचा. अशा वेळी पुढे होऊन "नाही, माझे" म्हणायचं असतं हे मला माहीत आहे. मी म्हणणारच होतो. पण बस चुकली असती. खरंच चुकली असती.

संध्याकाळी आलो तेव्हा पावलांवर हळद-कुंकू आणि झेंडू. सी विंगमधल्या एका आजींना पाटी काही वाचता आली नव्हती. नवरात्र चालू, दाराशी उमटलेली पावलं, माणसाने दुसरं काय समजावं? दुसऱ्या दिवशी आणखी दोघींनी ओट्या भरल्या. रंगनाथराव देव मानतात, पण विनापरवानगी नाही. त्यांनी पावलांभोवती पिवळ्या ऑइलपेंटने चौकट मारून घेतली आणि पुठ्ठ्याच्या जागी पत्र्याची पाटी आली : "ही पावले देवीची नसून श्री. संपतराव यांची आहेत. फुले वाहू नयेत. दिवाळीनंतर काँक्रीट नव्याने होईपर्यंत सर्वांनी पाहून बोध घ्यावा."

मुलं आपापले पाय त्यात ठेवून मापं घेऊ लागली. पार्सलवाले फोटो काढू लागले. आणि आबांनी काय करावं? गेटशी असलेली लाल खुर्ची उचलून त्या पाटीशेजारी आणून ठेवली. येणारा-जाणारा वाचून वर बघायचा आणि आबा मान डोलवायचे, "व्हय. त्योच मी."

"आबा, पुरे झालं आता," उत्कर्षावहिनी खिडकीतून ओरडायच्या. "माझ्या भिशीतल्या बायका हसतात."

"हसू दे की. दात हायती त्यांना."

मला हे सहन होईना. पण चांगुलपणामुळे होईना की भीतीमुळे, हे तेव्हाही नीट कळत नव्हतं आणि आजही सांगता येणार नाही. शनिवारी सुट्टी होती. मी रंगनाथरावांच्या दारावरची बेल वाजवली.

"काय काम आहे?"

"ते पाय माझे आहेत."

"कोणते?"

"काँक्रीटमधले."

त्यांनी चष्म्यावरून आधी माझे पाय पाहिले, मग मी. "आपण तीनशे दोन. भाडेकरू."

"हो."

"भाडेकरूंना एवढा मोठा त्याग करायचा असेल तर मूळ मालकाचं ना-हरकत पत्र लागतं." आणि मग एकदम त्यांचा आवाज ओला झाला. "वडीलधाऱ्या माणसाची फजिती बघवली नाही म्हणून दोष स्वतःवर घ्यायला आलात. विदर्भात संस्कार अजून शिल्लक आहेत म्हणायचे."

"अहो, खरंच माझे आहेत! टाचा बघा, सोलल्यात."

"अनवाणी व्रत दिसतंय. सोलणारच. या आता. दार ओढून घ्या."

दुपारी सोसायटीच्या ग्रुपवर माझ्याबद्दल अख्खा परिच्छेद आला. आजच्या आत्मकेंद्री पिढीत वगैरे. खाली हात जोडलेल्यांची रांग. घरमालकाने नाशिकहून फोन करून माझं अभिनंदन केलं. लिफ्टमध्ये एका काकूंनी माझं गोत्र विचारलं. गुन्हा कबूल करून मी आदर्श तरुण झालो होतो, आणि आदर्श तरुणाने पुन्हा कबुली दिली की तो आणखी आदर्श होतो, हेही माझ्या लक्षात आलं.

रविवारी सकाळी मेथी घ्यायला गेटबाहेर गेलो. तिथे आनंदीबाई बसतात. सोसायटीच्या कंपाउंडला लागून मागे त्यांची एक चिंचोळी पट्टी आहे. तिथे पत्र्याचं घर आणि उरलेल्या जागेत मेथी, शेपू, वांगी. गावात त्यांना खोटी आनंदी म्हणतात. फ्लॅटवाल्यांना हे नाव का पडलं ते ठाऊक नाही. फ्लॅटबरोबर पार्किंग मिळालं तसं हेही मिळालं. पण त्या नावापायी बायका घरून आकड्याचा वजनकाटा घेऊन येतात आणि आनंदीबाईंनी तोललेली वांगी पुन्हा तोलतात. "मोजा बाई, मोजा," आनंदीबाई म्हणतात. "खोटीच्या पिशवीत येखादं वांगं जास्त निघालं तर तेवढं परत आनून द्या." खरं सांगायचं तर माझ्या मोबाइलमध्येही त्यांचा नंबर 'खोटी मावशी भाजी' असाच होता.

"काय रं," जुडी बांधता बांधता त्या म्हणाल्या, "तुझी म्हनं मोबाइलवर आरती चालू हाय? संपतचं पाय तू आंगावर घ्येतलंस?"

"मावशी, ते माझेच होते."

"आसतील," त्या अगदी सहज म्हणाल्या. "त्यो न्हाय चालायचा तिथनं."

"का?"

"त्येलाच इचार की. माझ्यावर कोन इश्वास ठेवतंय?"

माझ्या कबुलीवर विश्वास ठेवणारं पहिलं माणूस भेटलं, तेही असं. मी मेथीची जुडी हातात घेऊनच आबांकडे गेलो.

"आबा, ते पाय माझे आहेत."

"ठावं हाय. नळावर धूत व्हतास तवा मी ग्यालरीत व्हतो. बूट पाठीवर अन् पाय चिखलात, आसा इंजनेर पयल्यांदा बघितला."

"मग तुम्ही कशाला..."

"बस हितं," आबा म्हणाले. मी पिवळ्या चौकटीशेजारी कट्ट्यावर बसलो. आबांनी पायाच्या अंगठ्याने हवेतच एक रेघ ओढली, माझ्या पहिल्या पावलापासून खांबापर्यंत. "तू जिथनं ग्यालास ना, बराबर हितं बांध व्हता. हिकडं माझं रान, तिकडं आनंदीचं. माझ्या चुलत भावाची बायकू ती. भाऊ ग्यालता, पदरात काय न्हाय. अन् मी दर साली नांगर बांधाला खेटून धरायचो. ढेकळं सुटत्यात, कुनाला कळत न्हाय. पाच-सा सालांत दीड हात आत सरकलो, आता कंपाउंडची भित हाय तितवर."

"तिला कळलं नाही?"

"रान ज्याचं त्याला कळतंच. तिनं पंच बसवलं. पन खुनंचा दगड मी आधीच उपटला व्हता, मोजायचं कशावरनं? पंच म्हनलं, देवळात चला, दोघं बी बेल-भंडारा उचला. मी उचलला."

"आणि त्यांनी?"

"तिनं हात मागं घ्येतला. म्हनली, हातभर रानापायी देवाला उठवायचा व्हय? संपलं. उचलला त्यो खरा, न्हाय उचलला त्यो खोटा. तवापास्नं ती खोटी आनंदी."

पुढचं मला जोडता आलं. पट्टी अरुंद झाली म्हणून बिल्डरच्या नकाशात ती बसली नाही, म्हणून फ्लॅट नाही, म्हणून पत्रा, म्हणून वजनकाटे. आणि इकडे आबांचा शब्द शेवटचा.

"आणि चप्पल?"

"शपथंत म्हनलो व्हतो, खोटं असंल तर पायात काटा मोडू दे. घरी आलो अन् चप्पल काढून ठिवली. म्हनलं देवाला सोपं जावं." ते हसले, पण हसण्यासारखं काही नव्हतं. "अन् झालं काय, रानाला भाव आला. डांबर आलं, बिल्डिंग आली, जमिनीवर ह्ये रंगीत ठोकळं आलं. सगळ्या वारज्यात हिंडतोय, काटाच न्हाय घावत. दीड हात म्हंजे तवा चार पायली ज्वारी व्हती रं. आता त्याच्यावर मोटारी उभ्या ऱ्हात्यात. म्या पाप तेवढंच ठिवलं, त्ये आपलं आपन वाढत ग्येलं."

"पण पाय माझे असताना—"

"दांडेकर इचारत व्हतं, हितनं कोन चाललं, हितनं कोन चाललं. मी बांध बघत व्हतो. तोंडातनं निघूनच ग्येलं." त्यांनी पाटीकडे बोट केलं. "पाटी लागली, लोकं हसली, अन् मी मेलो न्हाय. मग वाटलं, उरलेलं बी जमंल. दसऱ्याला समदा गाव देवळात आसतो. जितं उचलला तितंच सांगतो. तिचं नाव तिला दिलं पायजे, ती हाय तवर. सर्जेरावला बोललो न्हाय, त्यो कागदं काढत बसंल. तू नुसता शेजारी उभा ऱ्हा. पळाया लागलो तर धर."

मी घरी जाऊन मोबाइलमधलं नाव बदललं. तेवढंच हातात होतं. बाकी डोक्यात नुसता गुंता. म्हणजे खरं बोलायची सवय व्हावी म्हणून हा माणूस आधी खोटं बोलला, आणि मी खरं बोलून खोट्याचं बक्षीस घेऊन बसलोय. आबांचा राग करावा म्हटलं तर तो येईना. कीव करावी म्हटलं तर पत्र्याचं घर दिसे. आमच्या शाळेत मूल्यशिक्षणाचा तास असायचा, त्यात असलं काही नव्हतं. तिथे खोटं बोलणाऱ्या मुलाला विंचू चावायचा आणि विषय संपायचा.

दसऱ्याच्या संध्याकाळी देवळापुढे गाव जमलं. देऊळ सर्व्हिस रोडला इतकं चिकटलंय की आरतीत अधूनमधून ट्रकचा हॉर्न येतो. पायरीशी आनंदीबाई आपट्याच्या पानांचा ढीग घेऊन बसल्या होत्या. मंडळाने रंगनाथरावांना पाहुणे म्हणून बोलावलं होतं. सर्जेराव इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात लोकांना खुर्च्या देत होता. आबांनी माझं मनगट धरलं होतं. मग ते सोडून ते सरळ माइकपाशी गेले.

"मंडळी," आबा म्हणाले, "हितं म्या बेल-भंडारा उचलला व्हता. त्यो खोटा उचलला. आनंदीचा बांध मी कोरला. ती खरी हाय. मी खोटा."

माइक कुईं करून किंचाळला. आबांकडे आणखी काही नव्हतं. ते तसेच उभे राहिले, टोपी काढून हातात घेतलेली. मला वाटलं, आता दगड येतो.

दगड नाही, टाळी आली. मागून कुणीतरी "वा आबा!" म्हणालं. सर्जेराव धावत पुढे आला, त्याने माइक घेतला. डोळ्यांत पाणी होतं, खरं होतं का ते मला अजून ठरवता आलेलं नाही. "बघा," तो म्हणाला, "हे आमचं आबा. भावजयीची अब्रू झाकायला सनासुदीला देवाच्या दारात सोताला खोटं म्हनवून घ्येतलं."

"आवं न्हाय, न्हाय!" आबा म्हणाले. पण माइक त्यांच्याकडे नव्हता.

तो आता रंगनाथरावांकडे होता. "मंडळी, एक खुलासा. आमच्या पार्किंगमधील पावले आपण जाणताच. ती संपतरावांची नव्हेत. ती आमच्या तीनशे दोनमधील तरुणाची आहेत; त्याने स्वतः मला येऊन सांगितले होते. तेव्हा मी मानले नाही. आज माझे डोळे उघडले! दुसऱ्याचा दोष आपल्या अंगावर घेणे हा या माणसाचा स्वभावच आहे."

एका आठवड्यात फ्लॅटवाल्यांतल्या कुणाला माझं खरं पटलं नव्हतं. ते पटायला रंगनाथरावांनी नेमकी ही घटका निवडली. त्यांनी माझे पाय मला परत दिले आणि आबांची कबुली त्याखाली चेंगरून गेली. कुणीतरी आबांच्या गळ्यात हार घातला. आबा तो काढू लागले तर लोक म्हणाले, विनय बघा.

"आरं टाळ्या काय वाजवताय मुडद्यांनो?" पायरीवरून आनंदीबाई उभ्या राहिल्या. "त्यो खरं बोलतोय!"

"ऐकलं का," एक बाई म्हणाली, "खोटी आनंदी म्हणती, खरं हाय."

हशा पिकला. मी माइक ओढून घेतला आणि "ऐका" म्हणालो. सगळ्यांनी ऐकलंही. पण पाय माझे हे खरं आहे आणि बांध आबांनी कोरला हेही खरं आहे, आधीची कबुली खोटी आणि आत्ताची खरी, हे मला एका दमात मांडता येईना. मी "म्हणजे असं की" इथपर्यंत आलो. मग मंडळाच्या माणसाने आरतीची वेळ झाली म्हणून माइक माझ्या हातून काढून घेतला, आणि माझ्याही पाठीवर थाप मारली.

आनंदीबाईंनी पानांची पिशवी काखेला मारली आणि आबांची बाही धरली. "चल."

"कुठं?"

"बांधावर."

आम्ही तिघं पार्किंगमध्ये आलो. आबांच्या गळ्यात हार तसाच. आनंदीबाईंनी पिवळी चौकट पाहिली, पाटीकडे पाठ केली. "कुठं व्हता म्हनतोस बांध?"

"ह्यो काय. ह्या पावलांवरनं."

"ह्यो? आरं ह्यो तू पयल्यांदा सरकवल्यावरचा! मूळचा हातभर आजून हिकडं, त्या पांढऱ्या मोटारीच्या चाकाखाली."

"काय बोलतीस? दीड हात कोरला मी. दीड!"

"अडीच."

"दीड! माझं पाप मला म्हाईत न्हाय व्हय?"

"अडीच हात रान खाल्लंस अन् कबुली दीडाची देतोस. तुला पाप बी धड मोजता येईना, संपत."

आबा लालबुंद झाले. दहा मिनिटांपूर्वी भर देवळात स्वतःला खोटं म्हणणारा हा माणूस एक हातभर पुढे सरकायला तयार नव्हता. त्यांनी उजवा हात वर केला. "खंडोबाची आन घ्येऊन सांगतो—"

आणि थांबले. हात वरच राहिला.

"घे की आन," आनंदीबाई शांतपणे म्हणाल्या. "सवय हाय तुला. घे."

पार्किंगमध्ये कुणी नव्हतं. टाळ्या नाहीत, माइक नाही. आबांचा हात हळूहळू खाली आला. ते खाली काँक्रीटवर बसले, थेट पावलांच्या मधोमध, आणि त्या पांढऱ्या गाडीच्या चाकाकडे बघत राहिले.

"आसंल," ते म्हणाले. "अडीच आसंल."

"आसंल न्हाय. हाय."

"हाय."

आनंदीबाईंनी पदराने तोंड पुसलं. रडल्या असं म्हणवत नाही. "उद्यापास्नं गेटवर मी बसते तितं येऊन बस. जी वजनकाटा काढंल तिला सांग. येकेकीला. तिथं माइक नसतो."

आबांनी खिशातून आपट्याचं पान काढून पुढे केलं. त्यांनी ते घेतलं नाही. "फुडल्या साली बघू," म्हणाल्या. मग पिशवीत हात घालून एक पान माझ्या हातावर ठेवलं. "तू घे, सोनं घे, सोन्यासारखा ऱ्हा. अन् तुझं कुठाय?"

मी खिसे चाचपले. कंपनीचं ओळखपत्र होतं, बसचा पास होता. पान नव्हतं.

"उधार ऱ्हायलं मग," त्या म्हणाल्या.

आता लाल खुर्ची आनंदीबाईंच्या शेजारी असते. काटा निघाला की आबा सांगतात, "बाई, ही खरी हाय. अडीच हात मी खाल्लं." काही बायका हसतात, काही आबांच्या शुगरची चौकशी करतात. परवा एकीने काटा पर्समध्ये परत टाकला. पटलं म्हणून, की घाई होती म्हणून, कळायला मार्ग नाही. आबांनी मात्र दिवसभर तेवढंच सांगितलं सगळ्यांना.

सर्जेराव माझ्याशी बोलत नाही. अमेरिकेचंही काही झालं नाही. आई म्हणते, बूट घातले ना ऑफिसात.

मागच्या रविवारी मी मंडईत जाऊन आपट्याची पानं विचारली. "दसरा झाला साहेब," फुलवाला म्हणाला. "पत्ता देऊन ठेवा, झाडाला कळवतो." गेटवर आनंदीबाईंनी मेथीची जुडी दिली आणि रिकामा हात तसाच पुढे धरून ठेवला.

"आणतो, मावशी," मी म्हणालो.

"आनशील की," त्या म्हणाल्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.